जुना गेमिंग पीसी: आधी झाड, मग मोज, मग पैसे काढ

तुझा प्रश्न थोडक्यात असा. २०१८ च्या दिवाळीत घेतलेला असेम्बल पीसी. रायझेन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चा मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी ग्राफिक कार्ड, १ टीबी हार्ड डिस्क, कॅबिनेटसोबत आलेला ‘४५० वॉट’चा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि ६० हर्ट्‌झचा फुल एचडी मॉनिटर. व्हॅलोरंटमध्ये ऐन मारामारीत गेम अडकतो, सायबरपंक धड चालत नाही, आणि एप्रिल लागल्यापासून दुपारी खेळताना मशीन दोन-तीनदा आपोआप रिस्टार्ट झालं. हातात ३५ हजार आहेत. मित्र म्हणतो सगळं विकून नवीन घे, दुकानदार म्हणतो प्रोसेसर बदल, तुला वाटतं कार्ड बदलावं. वडील म्हणतात, अभ्यासाला चालतोय ना, मग कशाला?

खरं सांगू? चौघांत सगळ्यात कमी चुकलेले वडीलच आहेत. काय बिघडलंय हे कुणी बघितलेलंच नाही आणि औषध मात्र तिघांनी लिहून दिलं. मी सोलापुरात २००३ पासून हेच काम करतोय. ‘पीसी जुना झाला, काय बदलू’ म्हणून जी मशिनं टेबलावर येतात, त्यातली बरीचशी ब्रश, ब्लोअर आणि उष्णता वाहून नेणाऱ्या थर्मल पेस्टच्या एका ट्यूबवर परत जातात. तुझं सगळंच त्यात निघेल असं म्हणत नाही. १०५० टीआय आता खरोखर थकलंय. पण सुरुवात तिथून नको.

आधी रिस्टार्ट. गेम हळू चालणं वेगळं आणि मशीन मध्येच बंद पडणं वेगळं. पहिल्यात भाग कमी पडतोय, दुसऱ्यात काहीतरी आजारी आहे. आजारी मशिनात नवीन कार्ड घालायचं नाही. तुझी लक्षणं बघ: एप्रिल, दुपार, खेळताना. म्हणजे एक तर उष्णता, नाही तर एसएमपीएस. बहुतेक दोन्ही.

उष्णतेचं गणित सोपं आहे, पण इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून आपली फसगत होते. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवरचा धातूच्या पात्यांचा ठोकळा, त्याला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, फक्त खोलीच्या वर अमुक अंशांवर धरून ठेवतो. समजा तो फरक ४५ अंशांचा आहे. एसीच्या २५ अंशांत बसून चाचणी करणाऱ्याला प्रोसेसर ७० दिसणार. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२-४३ असताना पत्र्याच्या खोलीत सहज ४० भरतं, तिथे तोच प्रोसेसर, तोच पंखा ८५ दाखवणार. त्यात हीटसिंकच्या पात्यांत कचरा असला की ९५ गाठायला वेळ लागत नाही, आणि २६०० ची मर्यादा ९५ च आहे. तिथे पोचला की तो स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरी भागलं नाही तर मशीन बंद पडतं. म्हणून डिसेंबरात छान चाललेला पीसी एप्रिलमध्ये म्हातारा वाटायला लागतो. त्याचं वय चार महिन्यांत वाढलेलं नसतं.

कचरा म्हटलं की लोकांना धूळ आठवते. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात धुळीपेक्षा वाईट गोष्ट आहे, ती म्हणजे कापसाचं तूस. अशोक चौकाच्या बाजूचा एक मुलगा पीसी घेऊन आला होता. खाली यंत्रमागाचा कारखाना, टॉवेलचं काम, वर घर. प्रोसेसरचा पंखा काढला तर खाली हीटसिंक दिसेचना. पंखा आणि पाती यांच्यामध्ये पांढरा-करडा नमदा बसलेला, अखंड, एका तुकड्यात निघाला. धूळ पात्यांवर चिकटते, पण मधून थोडी तरी हवा जाते. सुताचे तंतू एकमेकांत गुंततात आणि गाळणीसारखे बसतात, मग पुढची धूळही त्यातच अडकते. त्या मुलाने नवीन प्रोसेसरसाठी पैसे आणले होते. साफसफाई आणि पेस्ट करून दिली आणि पैसे परत पाठवले. आईने दुसऱ्या दिवशी शेंगाची चटणी पाठवली, ती मात्र ठेवून घेतली.

तेव्हा पहिलं काम साफसफाई. मशीन बंद, प्लग बाहेर. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव. मोकळं सोडलं तर ते वाऱ्याने वेड्यासारखं फिरतं आणि बेअरिंग खराब होतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नेऊ नकोस, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. ग्राफिक कार्डाच्या पंख्यांच्या आतही तूस असतं, तिथे मऊ ब्रश लागतो. समोरच्या जाळीला आतून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा लाव, महिन्यातून एकदा काढून धू. आणि उन्हाळ्यात पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येईल असं टेबल ठेवू नकोस. आपलं पाणी जड, वाऱ्याबरोबर बारीक तुषार आले की बोर्डावर पांढरे डाग पडतात. थंडावा मिळाला म्हणून खूश झालेल्यांचे दोन बोर्ड माझ्याकडे आलेत.

आता एसएमपीएस. त्याचं झाकण उघडायचं नाही, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज राहते. बाजूचं स्टिकर वाच. मोठ्या अक्षरात ४५० वॉट असेल, तिकडे बघू नकोस. खाली तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते बघ. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही याच १२ व्होल्टवर जगतात. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या डब्यांवर मी १६ अँपिअर लिहिलेलं बघितलंय. १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॉट. मग ४५० कुठून आले? ३.३ आणि ५ व्होल्टच्या रांगा मिळवून, आणि वर थोडी कल्पनाशक्ती. तुझं कार्ड ७५ वॉट घेतं, प्रोसेसर जोर आला की ८०-८५, हार्ड डिस्क, पंखे, बोर्ड मिळून आणखी तीस-चाळीस. म्हणजे आजच तो डबा काठावर उभा आहे. सात वर्षांत त्याचे कपॅसिटर सुकलेत, आणि त्याच्याही पंख्यात तूस आहे. दुपारचे रिस्टार्ट इथून येत असले तर मला नवल वाटणार नाही.

तो १६ चा निघाला तर ३५ हजारातला पहिला खर्च हाच. चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवतो याचा शिक्का) किंवा त्यावरचा, ५५० वॉटचा, पाच वर्षांची वॉरंटी असलेला घे. यात एकही एफपीएस (सेकंदाला तयार होणारी चित्रं) वाढणार नाही, मित्र हसतील. हसू देत. असाच एक पोरगा सेलमध्ये ऑनलाइन कार्ड घेऊन आला होता. कार्डाला आठ पिनची वायर हवी, जुन्या एसएमपीएसला ती नव्हतीच, म्हणून हार्ड डिस्कच्या दोन वायरींवरून जोडणारं कन्व्हर्टर लावलं होतं. चौथ्या दिवशी कनेक्टर वितळला. कार्ड वाचलं हे त्याचं नशीब.

यूपीएसचंही बघ. घरोघरी ६०० व्हीएचा असतो, तो प्रत्यक्षात साधारण ३६० वॉट देतो. नवीन कार्डासह तुझं मशीन आणि मॉनिटर भिंतीतून तीनशेच्या पुढे ओढू शकतात. म्हणजे वीज गेली की यूपीएस टीं करून तिथेच मान टाकणार. हजार व्हीएच्या पुढचा घ्यायचा की वीज गेल्यावर खेळ गेला म्हणून सोडून द्यायचं, हे तू ठरव. पण भिंतीतल्या अर्थिंगवर तडजोड करू नकोस. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी वायरमनला बोलाव, मला नंतर.

इथवर झालं की मशीन निरोगी. आता मोजमाप.

गेममध्ये प्रत्येक चित्र तयार होताना आधी प्रोसेसर काम करतो: कोण कुठे आहे, गोळी कुणाला लागली, काय काय काढायचंय याची यादी. ती यादी कार्डाकडे जाते आणि कार्ड चित्र रंगवतं. आपल्या भाषेत सांगायचं तर एक जण सुताच्या कांड्या भरतो आणि दुसऱ्याचा माग चालतो. कांड्या वेळेवर आल्या नाहीत तर माग उभा. मग तू दुप्पट वेगाचा माग आणून बसवलास तरी कापड तेवढंच निघणार. उलट कांड्यांचा ढीग लागलाय आणि माग जुना, तर कांडीवाला बदलून काय उपयोग? कुठला भाग बदलायचा या प्रश्नाचं उत्तर म्हणजे कोण कोणासाठी थांबतंय ते शोधणं. त्यासाठी वेबसाइटवर दोन नावं टाकून ‘बॉटलनेक (अडथळा) १८ टक्के’ असलं काहीतरी सांगणारी कॅल्क्युलेटरं असतात, ती बघू नकोस. तू कुठला गेम, कुठल्या सेटिंगवर, कुठल्या मॉनिटरवर खेळतोस हे त्यांना माहीतच नसतं.

एमएसआय आफ्टरबर्नर उतरवून घे, फुकट आहे. त्याच्यासोबत रिवाट्यूनर येतं, ते खेळतानाच कोपऱ्यात आकडे दाखवतं. कार्डाचा वापर, तापमान, कार्डाची मेमरी, प्रोसेसरचा प्रत्येक थ्रेड (एका वेळी चालणारी कामाची एक रांग) वेगळा, रॅम, आणि फ्रेम टाइमचा (एका चित्राला लागलेल्या वेळेचा) आलेख, एवढं चालू कर. तुझे नेहमीचे दोन गेम अर्धा-अर्धा तास खेळ, शक्यतो दुपारीच.

कार्डाचा वापर सतत ९७-९९ टक्के दिसला तर कार्ड कमी पडतंय. सायबरपंकमध्ये तुला हेच दिसेल, पैज लावतो. कार्ड ६०-७० वर रेंगाळतंय आणि तरी एफपीएस पडतायत, तर ते कांड्यांची वाट बघतंय. आता इथे भले भले चुकतात. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्के दिसतो आणि लोक म्हणतात, बघा, अजून साठ टक्के रिकामा आहे. तुझ्या प्रोसेसरला १२ थ्रेड आहेत. गेमचं मुख्य काम एक-दोन थ्रेडवर चालतं. ते दोन जीव तोडून धावतायत आणि बाकीचे दहा अधूनमधूनच हात लावतायत, तर सरासरी ४० च्या आसपासच येणार. म्हणून प्रत्येक थ्रेड वेगळा बघायचा. आणखी साधी परीक्षा: रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आण. एफपीएस टुणकन वाढले तर कार्डावर ओझं होतं. जागचे हलले नाहीत तर प्रोसेसरवर.

यात तिसरी भानगड आहे आणि तुझ्या मशिनात ती नक्की आहे. कार्डाची मेमरी ४ जीबी. आजच्या मोठ्या गेमला ती पुरत नाही, मग उरलेला माल कार्ड तुझ्या रॅममध्ये ठेवायला लागतं. रॅम आधीच ८ जीबी, त्यात विंडोज, ब्राउझर, डिस्कॉर्ड. ती भरली की विंडोज सामान हार्ड डिस्कवर टाकतं. आणि हार्ड डिस्क म्हणजे फिरती थाळी, सरळ वाचायला सेकंदाला शंभर-दीडशे एमबी, आणि इकडचं-तिकडचं वाचायला सांगितलं की त्याच्या कितीतरी खाली. एकाचं ओझं दुसऱ्यावर, दुसऱ्याचं तिसऱ्यावर, आणि सगळ्यात शेवटी सगळ्यात मंद माणूस. तुझा गेम अडकतो तेव्हा बघ, फ्रेम टाइमच्या आलेखात खांब उभा राहील. ६० एफपीएसला एक चित्र १६.७ मिलिसेकंदात यायला हवं. मध्येच एक दोनशे मिलिसेकंदांचं आलं तर सरासरी एफपीएसमध्ये ते कळतही नाही, डोळ्याला मात्र खटकतं.

म्हणून माझ्या यादीत एसएमपीएसनंतर एसएसडी आणि रॅम. तुझ्या बोर्डावर एम.२ चा खाचा आहे, त्यात एनव्हीएमई लाव. सॅटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी देते, जेन ३ ची एनव्हीएमई तीन-साडेतीन हजारांपर्यंत. गेममध्ये या दोघींतला फरक तुला फारसा जाणवणार नाही, हार्ड डिस्क सोडल्याचा जाणवेल. स्टारफिल्ड या गेमने २०२३ मध्ये किमान गरजेतच एसएसडी लिहिली, सायबरपंकनेही त्याच वर्षी २.० च्या अपडेटला तेच केलं. जुनी हार्ड डिस्क फेकू नकोस, फोटो आणि सिनेमांसाठी राहू दे. मात्र पोर्ट बदलायला लागू शकतो: एम.२ भरला की काही बोर्डांवर सॅटाचे एक-दोन पोर्ट बंद पडतात. माझ्या मुलासारख्या शिकाऊ पोराने ‘डिस्क उडाली’ म्हणून गिऱ्हाइकाला फोन करून टाकला होता. वायर शेजारच्या पोर्टात घातली, डिस्क जिवंत.

रॅमची गंमत आकड्यात नाही, जोडीत आहे. एका पट्टीवर मेमरीचा रस्ता अर्धाच उघडा असतो. दोन पट्ट्या लावल्या की दोन्ही चॅनल चालू होतात. रायझेनमध्ये तर प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणारी वाटही मेमरीच्या वेगावर चालते, त्यामुळे त्याला हे जास्त लागतं. व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर चालणाऱ्या गेममध्ये दुसरी पट्टी टाकल्यावर किमान एफपीएस किती सुधारतात ते बघून लोक चक्रावतात. चार खाचे असतील तर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा वापर. मग बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा डीओसीपी नावाचं जे असेल ते चालू कर, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालेल. ३२०० वेगाची रॅम विकत घेऊन वर्षानुवर्षे २१३३ वर चालवणारे लोक मी रोज बघतो.

तुझी जुनी पट्टी २४०० ची असेल तर नवीन ३२०० ची शेजारी लावून फायदा नाही, दोघी २४०० वरच चालतील. सरळ ८-८ ची ३२०० ची जोडी घे आणि जुनी विक. फक्त २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत. एआयच्या डेटा सेंटरांसाठी कारखाने तिकडे वळले आणि आपल्या वाटणीची महागली. म्हणून इथे मी सेकंडहँडचा सल्ला देतो, जो मी एसएमपीएस आणि हार्ड डिस्कबाबत कधीच देणार नाही. रॅममध्ये झिजण्यासारखं काही फिरत नाही. रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून ठेव, सकाळी एकही चूक नसेल तर पैसे दे. हेच कारण सगळं विकून नवीन घेण्याच्या विरुद्धही आहे. नवीन पिढीचा प्रोसेसर घेतलास की बोर्ड नवा, आणि त्यावर डीडीआर ५ रॅम. ३५ हजार तिथेच संपतील आणि नव्या बोर्डावर तुझं तेच १०५० टीआय बसेल.

आता कार्ड. १०५० टीआयवर निर्दयपणे टीका करायला जीव होत नाही. २०१६ चं कार्ड, वेगळी पॉवर वायरसुद्धा न मागता इतकी वर्षं चाललं. पण ते बनवणाऱ्या एनव्हिडियाने या पिढीसाठी गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. आणि २०२४ चा इंडियाना जोन्स, २०२५ चा डूम: द डार्क एजेस हे गेम रे ट्रेसिंगचं (प्रकाशाच्या किरणांचा हिशोब करून चित्र काढण्याचं) हार्डवेअर असल्याशिवाय सुरूच होत नाहीत. म्हणजे प्रश्न आता नुसता वेगाचा राहिला नाही.

घेताना ८ जीबीच्या खाली उतरू नकोस. तुझ्या बजेटमध्ये आरएक्स ६६०० बसावं: १३२ वॉट, ८ जीबी, फुल एचडीला भरपूर. थोडं जास्त ताणलंस तर आरटीएक्स ४०६० किंवा ५०६०. फुल एचडी ६० हर्ट्‌झवर खेळणाऱ्याला याच्या वर जाण्याची गरज मला दिसत नाही. पण दोन सापळे सांगून ठेवतो, दोन्ही तुझ्या बोर्डामुळे. बी४५० हा पीसीआय एक्स्प्रेस ३ चा बोर्ड आहे. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड फक्त चार लेनवर (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या माल नेणाऱ्या वाटांवर) चालतं आणि त्याची मेमरीही ४ जीबी. नव्या बोर्डावर चार लेन भागतात, कारण तिथे लेनचा वेग दुप्पट. तुझ्याकडे ते जुन्या वेगाच्या चार लेनवर अडकेल. स्वस्त दिसतं म्हणून दुकानदार पुढे करतो, घेऊ नकोस. ६६०० आठ लेनवर चालतं, त्यात नुकसान फार होत नाही. दुसरा सापळा इंटेलचं आर्क बी५८०. १२ जीबी मेमरी, भाव आकर्षक, आणि कार्ड खरंच चांगलं, पण नव्या प्रोसेसरसोबत. त्याला रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त ओझं टाकतो. तुझ्या २६०० सोबत ते लंगडेल.

सेकंडहँड कार्ड चालेल, पण समोर लावून, वीस मिनिटं जड गेम चालवून, तापमान आणि पंख्याचा आवाज बघून. जीपीयू-झेड नावाचा छोटा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर ने. जुन्या कार्डाच्या बायोसमध्ये खाडाखोड करून नव्याचं नाव दाखवणारी कार्डं बाजारात आहेत, तो बऱ्याचदा नावापुढे सरळ ‘फेक’ लिहून दाखवतो. आणि मूळ बिल माग.

प्रोसेसरकडे सगळ्यात शेवटी ये, आणि कदाचित यायची गरजही पडणार नाही. कार्ड लावल्यावर आधीची परीक्षा पुन्हा कर. सायबरपंक साठच्या आसपास स्थिर असेल आणि व्हॅलोरंट अडकत नसेल, तर २६०० ला सुट्टी देऊ नकोस. मॉनिटर ६० हर्ट्‌झचा आहे, तो सेकंदाला साठच चित्रं दाखवणार. पुढच्या वर्षी १४४ चा मॉनिटर घेतलास तर मात्र प्रोसेसर उघडा पडेल, कारण तिथे एका चित्राला सातच मिलिसेकंद मिळतात.

तेव्हाही तुझं नशीब चांगलं आहे. रायझेन बनवणाऱ्या एएमडीने एएम४ हा सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) इतकी वर्षं चालवला की २०१८ च्या तुझ्या बोर्डावर २०२२ चा रायझेन ५ ५६०० बसतो. बोर्ड तोच, रॅम तीच. एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, ३२ एमबी, आणि एका थ्रेडचं काम २६०० पेक्षा कितीतरी जलद. ५५०० आणि ५६००जी ही त्याची भावंडं दिसायला जवळची, पण त्यांच्याकडे कॅश निम्मी, १६ एमबी. फरक थोड्या पैशांचा असेल तर ५६०० च घे. ५७००एक्स३डी मिळाला तर ९६ एमबी कॅशचा तो गेमसाठी राजाच, पण सापडायला अवघड आणि तुझ्या प्रोसेसरसोबत आलेल्या पंख्याला झेपणारा नाही.

बदलताना क्रम चुकवू नकोस. जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायोस अपडेट करायचा. आधी नवा लावला आणि बोर्ड त्याला ओळखत नसेल तर पडदा काळा. अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये. आपल्याकडे आभाळ भरून आलेल्या दिवशी मी बायोसला हातच लावत नाही. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी थांबव, नाही तर नंतर विंडोज ४८ आकडी किल्ली मागत बसेल. आणि हीटसिंक काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम कर, मग बंद करून, डावी-उजवीकडे हलकं फिरवत उचल. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि वाळलेली पेस्ट त्याला हीटसिंकला चिकटवून ठेवते. सरळ वर ओढलं की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. २०१९ मध्ये माझ्याच हातून हे झालंय. गिऱ्हाईक समोर बसलेलं, चार पिना वाकलेल्या. यांत्रिक पेन्सिलीचं शिसं काढून, तिच्या पोकळ टोकात एकेक पीन घेऊन सरळ केली. तोवर त्याने दोन चहा प्यायले, मला एक घोट उतरला नाही.

विंडोजबद्दल विचारलं नाहीस तरी सांगतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. २६०० विंडोज ११ च्या यादीत आहे. बायोसमध्ये एफटीपीएम आणि सिक्युअर बूट या दोन सुरक्षेच्या सोयी चालू करायच्या, विंडोज ११ वर व्हॅलोरंटला हे दोन्ही लागतातच. मात्र त्या काळात आमच्यापैकी पुष्कळांनी सवयीने जुन्या लेगसी पद्धतीने विंडोज टाकून दिलं होतं. तुझंही तसं असेल तर सिक्युअर बूट चालू केल्यावर मशीन सुरू होणार नाही. नवीन एसएसडी येतेच आहे, तिच्यावर यूईएफआय या नव्या पद्धतीने कोरं विंडोज टाक, भांडण मिटलं.

तुझ्या मित्राला मात्र, ज्याचा आय५ ७४०० आहे, यातलं सगळं लागू नाही. त्याच्या बोर्डावर फार तर त्याच सातव्या पिढीचा आय७ चढतो. आठव्या पिढीचा सॉकेट नावाला तोच ११५१ असला तरी त्याच्या बोर्डावर चालत नाही, आणि सातव्या पिढीतले हे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीतही नाहीत. त्याने प्रोसेसर आणि बोर्डावर रुपया घालू नये. एसएसडी, एसएमपीएस आणि कार्ड एवढंच घ्यावं, कारण हे तिन्ही उद्या नव्या मशिनात उचलून नेता येतात. ‘सगळं विकून नवीन घे’ हा सल्ला त्याने तुला दिला, तो खरं तर त्याच्या स्वतःच्या मशिनाला लागू आहे.

आणि हो, कार्ड लावल्यावर मॉनिटरची वायर कार्डाला लाव, मदरबोर्डाला नको. हसू नकोस, या महिन्यात तिघं आले.

तर या रविवारी साफसफाई कर, दुपारी अर्धा तास आकडे बघ, आणि एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो पाठव, १२ व्होल्टची रांग स्पष्ट दिसेल असा. तो बघितल्याशिवाय कार्डाची ऑर्डर टाकू नकोस, सेल कितीही मोठा असला तरी.